पहिल्या पानावरचं घुबड

रविवार, दिवेलागण

वाचनालयातल्या प्रदर्शनासाठी ह्यांची पक्ष्यांची पोस्टाची तिकिटं कशी मांडावी, ते विचारायला हेंद्रेपाड्यात सुनंदाताईंकडे गेले. त्यांचं फुलांच्या तिकिटांचं पान देखणं झालंय. त्याचा हेवा नाही वाटला. पण त्यांचे मिस्टर म्हणाले, "अगं, कमळ मधे घे, कोपऱ्यात काय करतंय बिचारं?"

"तुम्ही चहा प्या हो, मधे मधे करू नका!"

त्याचा वाटला. फार वाटला.

हे असताना घुबडाला पहिलं पान द्यायचा हट्ट धरायचे. मी म्हणायचे, अपशकुनी आहे, शेवटी लावा. आता अडवणारं कुणी नाही, म्हणून मोर पुढे लावला. बघवेना. शेवटी घुबडच पहिलं लावलं.

सुनंदाताईंकडे कमळावरून अजून भांडण चालू असेल.