टार्गेट धूसरच दिसायला हवं

३ जानेवारी, सकाळी ५.१०
आजपासून रोज लिहिणार. कुणाला दाखवण्यासाठी नाही.
काल पेपरात माझा फोटो आला. खाली लिहिलंय, त्रेपन्नाव्या वर्षीही नेमबाजीच्या शिखरावर. त्या 'ही'ची मला चीड आली. एका अक्षरात मला खुर्चीत बसवून गुडघ्यांवर शाल टाकली.
एअर पिस्तूल. दहा मीटर, साठ शॉट, सव्वा तास. यात वय येतं कुठे? धावायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत. हात स्थिर हवा आणि डोकं थंड. दोन्ही माझ्याकडे आहे.
मार्चपर्यंत तीन ट्रायल. तिन्हींची बेरीज होणार, पहिल्या तिघी जागतिक स्पर्धेला जाणार. मी तीनदा जाऊन आले. चौथ्यांदा जाणार. माझ्या वयाची बाई या टीममधून अजून गेलेली नाही.
संकल्प: साखर बंद. टीव्ही बंद. ह्यांच्याशी वाद बंद.

४ जानेवारी
ह्यांच्याशी वाद झाला. साखरेवरून. साखर सुरू.

९ जानेवारी, ५.४०
घरचा सराव. रिकामं पिस्तूल, समोर कोरी भिंत, डाव्या डोळ्यावर पांढरी झापड. नेम उजव्या डोळ्याने.
एक गोष्ट लक्षात आली. भिंतीशेजारची दाराची चौकट मधोमध वाकली आहे. पोट सुटल्यासारखी. झापड काढून बघितलं तर सरळ वाटते. घरातले सगळे दोन्ही डोळ्यांनी बघतात, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. सुताराला फोन केला.

११ जानेवारी
सुतार आला. ओळंबा सोडला. चौकट अगदी सरळ आहे म्हणाला. मी म्हटलं, तुमचा ओळंबा वाकडा असेल. तो म्हणाला, काकू, ओळंबा म्हणजे दोरी आणि खाली लोखंड, ते वाकडं कसं होणार? मी त्याला झापड लावायला दिली. बिचाऱ्याने लावली, बघितलं, पुन्हा सरळच म्हणाला.
लेक सोफ्यावरून बघत होती. तिने एक म्हण म्हणायला तोंड उघडलं. मी डोळे वटारले. तिने तोंड मिटलं. पण ती म्हण मला ऐकल्यासारखी झालीच.
हल्ली चांगले सुतार मिळत नाहीत.

१६ जानेवारी
पिस्तुलाची फ्रंट साइट, नळीच्या टोकावरची नेमाची खूण, वाकली आहे. रेंजवरच्या मिस्त्रीने बदलून दिली. नवीही वाकडी. पुन्हा बदलली. तिसरी सगळ्यात वाकडी. मिस्त्रीने जुन्या दोन्ही माझ्या हातावर ठेवल्या आणि बोट फिरवून बघा म्हणाला. बोटाला सरळ लागतात. बोटाने का नेम धरायचाय मला?
टार्गेटचा काळा गोल हल्ली फार पुसट दिसतो, पण त्याची काळजी नाही. तो तसाच दिसायला हवा. नजर साइटवर, टार्गेट धूसर. रेंजवर पहिल्याच दिवशी हे शिकवतात. बत्तीस वर्षं मी टार्गेट धूसर बघत आले. आता जास्त धूसर दिसतं, म्हणजे एकाग्रता वाढली आहे.

२० जानेवारी, दुपार
पहिली ट्रायल. ५७४. दुसरी आले. घरी आल्याबरोबर लेकीला स्कोअर तीनदा ऐकवला.
चिमणी चौथी, ५६९. चिमणी म्हणजे आमच्यातली सगळ्यात लहान, एकोणीस वर्षांची. मॅचआधी चार दाणे टिपून खाते म्हणून हे नाव. मला काकू म्हणते. हात चांगला आहे. अजून घाबरते.
कोच माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. माझं बघून बघून शिकला, आता मला शिकवतो. ताई म्हणतो, म्हणून चालवून घेते. आज म्हणाला, ताई, तुम्ही शॉट सोडताना मान वळवता हल्ली. मी म्हटलं, स्टाइल आहे.

२९ जानेवारी
चहा कपाबाहेर ओतला. नवे कप फारच लहान आहेत. बदलायला सांगितले.
ह्यांनी टेबल पुसलं आणि विचारलं, डोळे तपासून घेतेस का एकदा? मी म्हटलं, तुम्ही तुमचे कान तपासा. त्यांना ऐकू आलं नाही.

३ फेब्रुवारी
टीमची मेडिकल. सगळ्यात सोपं काम. मी नर्सला म्हटलं, आधी डावा डोळा घ्या, माझी सवय आहे. डाव्याने तक्ता वाचला, शेवटची ओळ दोनदा मनात म्हटली, मग उजव्याची पाळी आली तेव्हा घडाघडा म्हणून दाखवली. नर्स म्हणाली, या वयात असे डोळे मी बघितले नाहीत.
याला फसवणूक म्हणत नाहीत. स्मरणशक्तीही शरीराचाच भाग आहे.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळ
दुसरी ट्रायल. ५६६. रेंजवरचे दिवे बदललेत. कुणाला विचारून बदलले? तक्रार केली. सेक्रेटरी म्हणाले, दिवे चार वर्षं तेच आहेत.
चिमणी ५६८. दोन्ही ट्रायल मिळून मी ११४०, ती ११३७. वरच्या दोघी पुढे निघून गेल्यात. तिसऱ्या जागेसाठी आता चिमणी नाहीतर मी. मी तीन पॉइंटनी पुढे. तीन पॉइंट म्हणजे खूप असतात.
कोच गाडीपर्यंत सोडायला आला. दार उघडून धरलं आणि म्हणाला, ताई, तुमच्या हाताला काही झालेलं नाही. दुसरं काही असेल तर मला सांगा. मी म्हटलं, दिवे.

२१ फेब्रुवारी
लेकीने कपडे घ्यायला जाऊ म्हणून गाडीत बसवलं आणि डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. स्वतःच्या आईला शेंडी लावते.
डॉक्टरांनी चौकटी चौकटींचा एक कागद समोर धरला. डावा डोळा झाकून बघा म्हणाले. मी म्हटलं, छपाई खराब आहे, मधल्या रेघा वाकल्यात आणि मध्यभागी शाई सांडली आहे. ते म्हणाले, छपाई चांगली आहे.
मग मशीनवर हनुवटी टेकवायला लावली. फोटो काढले. पडद्यावर दाखवले. उजव्या डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध, जिथून आपण बारीक बघतो तिथे, मागून पाणी झिरपतंय. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, दर महिन्याला एक, आणि पहिलं याच आठवड्यात. आत्ता दिलं तर आहे ती नजर बहुतेक टिकेल. उशीर झाला तर तिथे वण धरतो. मग काही करता येत नाही. दर आठवडा महत्त्वाचा आहे, असं त्यांनी दोनदा सांगितलं.
इंजेक्शननंतर नेम कधी धरता येईल, मी विचारलं. ते म्हणाले, नजर स्थिरावायला वेळ द्या, या ट्रायलचं मनातून काढा.
ट्रायल १८ मार्चला. पंचवीस दिवस. पंचवीस दिवसांत काय होणार आहे? डॉक्टर तरुण आहेत. तरुणांना सगळ्याची घाई असते.

२२ फेब्रुवारी
लेक कोचला सांगणार म्हणत होती. मी तिला शपथ घातली. ती म्हणाली, आई, हे काय शाळेतलं भांडण आहे का? पण सांगितलं नाही. १९ मार्चची अपॉइंटमेंट घेतली, ट्रायलच्या दुसऱ्या दिवशीची, आणि फ्रिजवर लावली.
ह्यांनी एवढंच विचारलं, पुढच्या वर्षी नाही का जाता येणार? मी म्हटलं, पुढच्या वर्षी मी चोपन्न. ते म्हणाले, चोपन्नला दोन डोळे असलेली बरी. मी जेवले नाही. मग जेवले.

५ मार्च, ६.२०
शोध लागला. सरळ समोर बघितलं की साइटच्या जागी नुसता डाग. पण नजर जराशी उजवीकडे सरकवली की साइट कडेने स्वच्छ दिसते. म्हणजे समोर बघायचंच नाही. बाजूला बघायचं आणि समोर मारायचं. बत्तीस वर्षांत हे कुणाला कसं सुचलं नाही? निवृत्त झाल्यावर यावर पुस्तक लिहिणार.
निवृत्त साठीला.

१२ मार्च
डाग मोठा झालाय. त्याचा उपयोग करून घ्यायचा. मध्ये काही दिसत नसलं की मन विचलित होत नाही. लोक यासाठी डोंगरात जाऊन बसतात.
आज रेंजवर चिमणीने विचारलं, काकू, तुम्ही माझ्या टार्गेटकडे का बघता? मी म्हटलं, तुझा ग्रुप बघते, गोळ्या किती जवळजवळ पडतात ते, शिकवायला. तिने मान हलवली. चांगली मुलगी आहे.

१८ मार्च, संध्याकाळ ७.००
नीट लिहिते. जसं घडलं तसं.
माझी सात नंबरची लेन, चिमणीची आठ. माझ्या उजव्या हाताला. चाळीस शॉटपर्यंत ठीक. ठीक म्हणजे जागा हातातून गेली नव्हती. एक्केचाळिसावा शॉट फार सुंदर सुटला. हाताला कळतं. बत्तीस वर्षांत असे मोजके सुटले असतील. मी पिस्तूल खाली ठेवून स्क्रीनकडे बघितलं. स्क्रीनवर काही उमटलं नव्हतं.
मशीन बंद पडलं म्हणून मी हात वर केला. रेंज ऑफिसर आले. माझी स्क्रीन बघितली. मग चिमणीची बघितली. तिच्या टार्गेटवर एकाच क्षणाला दोन शॉट. एक नऊ, एक दहा.
दुसऱ्याच्या टार्गेटवर गोळी मारणं ही शिकाऊ पोरांची चूक. पहिल्या वर्षी होते, सगळे हसतात, मारणारा रडतो. माझ्या पहिल्या वर्षीही माझी झाली नव्हती.
नियम असा. ज्याने मारली त्याला शून्य. आणि दोनातला कुठला कुणाचा हे ठरवता आलं नाही, तर टार्गेटच्या मालकाला त्यातला मोठा आकडा. चिमणीला दहा मिळाला. ती म्हणत होती, माझा नऊचा आहे, मला माहीत आहे. ऑफिसर म्हणाले, तुमच्या म्हणण्यावर नाही चालत.
मी ५५१. ती ५५५. सगळं धरून मी १६९१, ती १६९२.
तो शॉट माझ्या टार्गेटवर गेला असता तर मी दहा पॉइंटनी पुढे असते. शॉटमध्ये दोष नव्हता. दहाच लागला. फक्त जागा चुकली.

१९ मार्च
अपॉइंटमेंट रद्द केली. अपील लिहायचंय, वेळ नाही. लेक ऑफिसातून दोनदा रडत फोन करते. कामाच्या वेळी.

२० मार्च
अपील लिहिलं. चार पानं. दिवे, लेनमधलं अंतर, स्क्रीनचा कोन. कोचने उभ्या उभ्या वाचलं. मग खाली बसला. म्हणाला, ताई, मला जानेवारीपासून दिसत होतं. मी बोललो नाही, कारण तुम्ही सांगाल असं वाटलं. माझं चुकलं. कागद परत दिला. त्याच्याकडून सही घ्यायची राहिली.

२१ मार्च
चिमणी घरी आली. चपला दाराबाहेर काढून तिथेच उभी राहिली. म्हणाली, काकू, तो दहा माझा नाही, मी जाणार नाही, तुम्ही जा. मी तिला आत बोलावलं, पाणी दिलं. म्हटलं, वेडी आहेस का? पिस्तूल काढ. तिची मनगटाची पकड सैल पडते, ती दाखवली. तासभर घेतला तिचा. जाताना ती माझ्या गळ्यात पडली. मला वाईट वाटलं. खूपच वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचणार नाही.
अपील फाडलं.

२४ मार्च
दवाखाना. मशीन, फोटो, पडदा. या वेळी डॉक्टरांना घाई नव्हती. हळू बोलत होते, त्यावरूनच कळलं. वण धरला आहे. उजव्या डोळ्याचा मधला भाग गेला. कडेचं दिसत राहील. इंजेक्शनचा आता उपयोग नाही. डावा चांगला आहे, तो दर तीन महिन्यांनी दाखवायचा. लेकीने विचारलं, महिन्यापूर्वीच इंजेक्शन घेतलं असतं तर? डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, आता तो विचार करू नका.
डाव्या डोळ्याने नेम शिकायला दोन वर्षं लागतात. एकीने केलंय, कुठेतरी वाचलं होतं. पंचावन्न काही फार नाही. उद्यापासून झापड उजवीकडे.

२६ मार्च, सकाळ
हे दूध आणायला गेलेत. लेक आज कामावर गेली नाही. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, डावा डोळा झाक. मी तळहाताने झाकला. तिचे केस दिसले, कान दिसले, कानातलं दिसलं, खांद्यावरची ओढणी दिसली. तिने विचारलं, आई, मी दिसते का? मी म्हटलं, दिसतेस की. मग तिने विचारलं, मी हसतेय का रडतेय?
जराशी उजवीकडे नजर सरकवली. तरीही नाही.
हसतेयस, म्हटलं.
मी हात पुढे केला तर तिचे गाल ओले होते.