मूळचेच ठेवा

४ फेब्रुवारी

अठरा झाले! अजून दोन.

आज बस चालवणारे एक काका आले होते. अकरा पानांचा कागद समोर ठेवला तर म्हणाले, सही कुठं करायची तेवढं बोट ठेवून दाखवा. म्हटलं, तसं चालत नाही, आधी ऐकायचं. पाऊण तास मी वाचत होते. काका दोनदा पेंगले. पेंगले की मी थांबायची, जागे झाले की तीच ओळ पुन्हा! माझं कामच ते. हृदयाचे ठोके चुकतात अशांसाठी रक्त पातळ ठेवणारी नवी गोळी आली आहे, तिचा आमच्या हॉस्पिटलात अभ्यास चाललाय. त्यात येणाऱ्या प्रत्येकाला संमतीचा कागद वाचून दाखवायचा, कळलं का विचारायचं, मग सही. कागदवाली म्हणतात मला सगळे.

मोठे डॉक्टर जाता जाता म्हणाले, मार्चअखेर वीस जण झाले की तुम्हाला कायम करायचं पत्र निघेल. आठ वर्षं हंगामी आहे मी. आठ वर्षांत तर झाडाला फळ धरतं.

७ फेब्रुवारी

दादाकडे जेवले. वहिनीपुढे मनसोक्त रडगाणं गायले – दोन माणसं कुठून आणू, रस्त्यावरून धरून आणू का! वहिनी हसून हसून बेजार.

दादा मान खाली घालून जेवत होता. चष्मा दुरुस्तीला टाकलाय, त्यामुळे करमत नाही त्याला. चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्त झाला तरी लाल पेन खिशात. औषधाच्या खोक्यावरचं शुद्धलेखनसुद्धा सोडत नाही. आणि कधी दुरुस्ती केल्यावर वाटलं की आधीचंच बरं होतं, तर खोडलेल्या शब्दाखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं – मूळचेच ठेवा. म्हणजे माझी दुरुस्ती विसरा. घरात तो विनोदच झालाय. वहिनी चिडून काही बोलली की दादा म्हणतो, दे टिंबं दे!

९ फेब्रुवारी

दादाच आला! रांगेत, फाइल घेऊन, शहाण्यासारखा.

म्हटलं, तुझेही ठोके चुकतात खरे, पण जुनी गोळी छान चालली आहे की. तर म्हणे, दर पंधरवड्याला तपासणीसाठी रक्त द्यायचा कंटाळा आला, नव्या गोळीला ती भानगड नाही ना. आजवर कधी तक्रार केली नव्हती. पण म्हणाला खरा.

नातेवाइकाला दुसऱ्या कोणी वाचून दाखवायचं असतं. वाचणारी दुसरी बाई रजेवर. डॉक्टर म्हणाले, तुम्हीच वाचा हो, काय होतंय. दादाही म्हणाला, तूच वाच, लहानपणी मी तुला वाचून दाखवायचो, आता फेड. वर विचारतो, चाचणी आहे म्हणतात, नापास झालो तर?

वाचलं. नववा मुद्दा सोडून. मेंदूत रक्तस्राव होऊन मृत्यू येऊ शकतो – अठरा जणांना हे वाचलं, आवाज हलला नाही. दादासमोर जीभ उचलेना. "हे नेहमीचंच आहे," म्हटलं आणि पान उलटलं. मुद्द्यासमोर वाचल्याची बरोबरची खूण केली.

शेवटचं वाक्य मात्र मोठ्याने वाचायचंच असतं – मी ही संमती कोणाच्याही दबावाखाली देत नाही. दादा हसला. म्हणाला, दबाव? तुझा? तू तर माझ्या खांद्यावर बसून शाळेत जायचीस.

सही केली. एक प्रत त्याला घरी न्यायला दिली. गोळी सोळाला सुरू. तोवर नको वाटलं तर नुसता फोन करायचा, तेही सांगितलं. नंतरही कधीही सोडता येतं, तेही.

१६ फेब्रुवारी

गोळी सुरू. दादाने पहिला प्रश्न काय विचारावा? "आता किती राहिले?" म्हटलं, एक. "मग होईल."

२ मार्च

वीस!! पहिला फोन दादाला केला. म्हणाला, धाकटे, आता तू कायम.

१९ मार्च

दादा गेला.

२३ मार्च

सतराला सकाळी पेपर वाचत बसला होता. वहिनी आत. हाक मारून म्हणाला, अगं, अक्षरं हलतायत. ती म्हणाली, चष्मा पूस. चष्मा पुसला त्याने. पुन्हा म्हणाला, नाही गं, अक्षरंच हलतायत. मग खुर्चीतून खाली.

मेंदूत रक्तस्राव. दोन दिवस काचेपलीकडे होता. मी त्याच हॉस्पिटलची, मला आत सोडायचे. हात गरम होता. बोटाला लाल शाईचा डाग होता, तो मी पुसला नाही.

मोठे डॉक्टर भेटायला आले. चांगला माणूस, वाईट वाटलं त्यांना. म्हणाले, हे कुणाच्या हातात नव्हतं, आणि कागद सगळे व्यवस्थित आहेत. मी जाऊन फाइल काढली. खरंच व्यवस्थित. नवव्या मुद्द्यासमोर बरोबरची खूण, माझ्या हातची. किती ठसठशीत!

३० मार्च

कायम झाल्याचं पत्र आलं. वाचलं नाही. पाकीट न फोडता तसंच कपाटात टाकलं.

४ एप्रिल

चौकशी समिती बसणार आहे. अभ्यासात कुणी गेलं की बसतेच. मी डॉक्टरांना सांगून टाकलं – नववा मुद्दा वाचलाच नव्हता. ते बराच वेळ टेबलावरचा कागद सरळ करत राहिले. म्हणाले, विचार करून बोला, गेलेला माणूस काही परत येत नाही.

मला माहीत आहे तो येत नाही! पण मग कुणाला सांगू? आधी वहिनीला. तिच्याआधी समितीला सांगणं बरं दिसत नाही.

६ एप्रिल

सांगितलं. वहिनी दादाच्या सदऱ्यांच्या घड्या घालत होती. थांबली नाही. सगळ्या घालून झाल्यावर म्हणाली, "मला सांगून तू मोकळी झालीस. आता हे मी कुठे ठेवू?"

पाणीसुद्धा न पिता उठले. तिने दार लावलं नाही, उघडंही धरलं नाही.

८ एप्रिल

समिती. पाच जण, लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. सगळं बोलले. नातेवाइकाला मी वाचायला नको होतं, वाचलं, त्यातही गाळलं, खोटी खूण केली. एक बाई लिहून घेत होत्या. त्यांनी विचारलं, तुम्ही तो मुद्दा वाचला असता तर तुमच्या भावाने नकार दिला असता का?

म्हटलं, शंभर टक्के. छापलेल्या अक्षराला त्याच्याइतकं मानणारा माणूस नाही. त्या दिवशी चष्मा नव्हता आणि माझ्यावर विश्वास होता, म्हणून गेला तो.

हे बोलून घरी आले आणि पहिल्यांदा पोटभर रडले. निदान आता नक्की कळलं आहे – चूक कोणती, कुणाची. एक मुद्दा. एक पान. तेवढं घेऊन जगावं लागेल, जगेन.

११ एप्रिल

वहिनीने पाकीट पाठवलं. चिठ्ठी नाही. आत दादाची घरची प्रत.

पहिल्या पानापासून लाल. वेलांट्या, अनुस्वार, दोन शब्दांतली जागा, काही सोडलेलं नाही. नवव्या मुद्द्यात 'रक्तस्त्राव' तीनदा आलाय, तिन्हीकडे 'रक्तस्राव' केलाय. शेवटी छापखान्यात करायचा तशी सही आणि तारीख – १३ फेब्रुवारी. चष्मा आला होता. गोळीला तीन दिवस होते.

शेवटच्या वाक्यात तीन शब्द बदललेत. 'कोणाच्याही' खोडून 'धाकटीच्या'. 'दबावाखाली' खोडून 'भिडेखातर'. 'नाही' खोडून 'आहे'.

आणि खोडलेल्या तिन्ही शब्दांखाली टिंबं. समासात, बारीक, सुबक अक्षरात – मूळचेच ठेवा.