इंदुबाईंच्या तोडीतला आमचा ‘वा’

धायरी,
संक्रांतीनंतरचा सोमवार, २००४

लोणी काळभोरचे रंगनाथराव, म्हणजे आमचे एकुलते एक मेहुणे, यांना धायरीच्या हिंमतरावांचा घरच्या सगळ्यांसकट रामराम. तुमचा गुडघा कसा आहे ते आधी कळवा. तिळाचं तेल चोळा, आणि जिना चढायचाच झाला तर दुसऱ्या कुणाला तरी चढायला सांगा. इकडे सगळं ठीक आहे. तुमच्या आक्काचा खोकला गेला, आवाज मात्र होता तसाच आहे. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मध्येच बोलता. पत्रात तशी सोय नाही, म्हणून पत्र.

आमच्या वांग्याच्या वावरात आता सोसायटी उभी आहे, हे तुम्ही पाहिलंच आहे. जिथं आपली विहीर होती तिथं त्यांचं क्लबहाऊस आहे. (लोक त्यात व्यायाम करतात. आम्ही मोट हाकत होतो तेव्हा त्याला व्यायाम म्हणतात हे कुणी सांगितलं नाही.) तर त्या क्लबहाऊसात दर रविवारी सकाळी गाणं ऐकणाऱ्या मंडळींची बैठक असते. प्रत्येकानं पाळीपाळीनं आपल्याजवळची एक चीज आणायची, सगळ्यांनी गपगुमान ऐकायची, मग चहा. कुणी सीडी आणतं, कुणी ग्रामोफोनच्या तव्यावरून उतरवून घेतलेलं जुनं गाणं आणतं, एकजण तर थेट अमेरिकेतल्या मुलाकडून मागवतो, म्हणजे इथल्याच बुवांचं गाणं साता समुद्रापार जाऊन पुन्हा आमच्या विहिरीवर येतं. सांगायला अभिमान वाटतो की त्या बैठकीत मूळ धायरीचा असा मी एकटा आहे. शाळा चौथीनंतर सुटली, पण वावराला पाणी देताना बांधावर रेडिओ ठेवून जे कानात भरलं ते भरलं. माझी खिडकीजवळची खुर्ची ठरलेली आहे, तिच्यावर दुसरं कुणी बसत नाही. (ती जरा डुगडुगते, पण म्हणून नव्हे.)

बैठकीचा एक नियम आहे, तो नीट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. ज्याची कॅसेट त्यानं वकिली करायची नाही. ‘आता ऐका हं’, ‘ही जागा बघा’ असलं काही म्हणायचं नाही, आणि गाणं संपल्यावर इतर जण काय वाटेल ते बोलले तरी आपण चहा प्यायचा. नियम आगाशे सरांनी घातला. गृहस्थ कॉलेजात शिकवायचे, आता घरात शिकवतात. कान फार तयार, जीभ त्याहून. एखाद्या रविवारी ते नुसतं ‘बरं आहे’ म्हणाले तर कॅसेटवाला पेढे वाटतो.

या रविवारी माझी पाळी होती. मी काय काढणार हे तुम्हाला सांगायला नको. नीरेच्या इंदुबाईंची तोडी. तुमच्या घराच्या वास्तुशांतीला सकाळी मांडवात झालेली, तुमच्याच टेपवर भरलेली, एक कॅसेट तुमच्याकडे आणि तिच्यावरून केलेली एक आमच्याकडे. बाई आता नाहीत, त्यांचा तवा कधी निघाला नाही, रेडिओवर कुणी बोलावलं नाही. जगात त्यांचं गाणं आहे ते आपल्या दोघांच्या कपाटात. पुण्यातल्या जाणत्या माणसांच्या कानावर ते पहिल्यांदा पडणार, आणि घालणार कोण, तर मी. आठवडाभर माझी छाती अशी फुगली होती की तुमच्या आक्कानं सदऱ्याची बटणं पुन्हा घट्ट शिवून दिली.

आता साईनाथचं ऐका. आपला साईनाथ हिंजवडीला कम्प्युटरच्या कंपनीत आहे, ते तुम्ही गावभर सांगता, मीही सांगतो. त्यानं आपणहून ती कॅसेट कम्प्युटरवर चढवली, साफ केली आणि सीडी करून माझ्या हातात ठेवली. म्हणाला, आप्पा, खोकले काढले, कपबशा काढल्या, कुत्रं काढलं, आता एकदम स्टुडिओसारखं झालंय. मला भरून आलं. पोरानं बापाची आवड जपली, अजून काय पाहिजे? ती सीडी मी घरी लावूनसुद्धा बघितली नाही. (नारळ फोडायच्या आधी खोबरं चाखत नाहीत.)

रविवारी सीडी लागली. आवाज असा, की बाई समोर बसून गातायत. आगाशे सरांनी डोळे मिटले, ही फार चांगली खूण. मीही सरसावून बसलो, कारण ती जागा जवळ येत होती. तुम्हाला ती जागा ठाऊक आहे. विलंबित रंगलेलं, बाई समेकडं निघालेल्या, आणि सम यायच्या जरासा आधीच आपल्या मांडवातून खणखणीत ‘वा’ येतो. (तुम्ही म्हणता घाई झाली. मी म्हणतो, आधी समजलं.) तो ऐकून बाई खुदकन हसतात आणि समेला हुलकावणी देतात. आलेली सम सोडून देतात, आणखी एक आवर्तन घेतात, सगळ्या मांडवाचा श्वास अडकवून ठेवतात आणि मग अशा उतरतात की तबलजीसुद्धा ओरडतो. त्या ‘वा’वाल्या माणसाची केलेली गोड थट्टा आहे ती. गाणं संपल्यावर बाई म्हणाल्यासुद्धा, की त्या फेटेवाल्यांमुळं आज मजा आली. आता तुमच्या वडिलांनी जावयाला आणि मुलाला एकाच ताग्यातले फेटे बांधले होते, म्हणून आजपर्यंत हा वाद मिटत नाही. नाहीतर तो ‘वा’ माझा आहे हे शेंबडं पोरही सांगेल. (‘वा’ झाल्यावर सगळा मांडव वळून बघायला लागला तेव्हा तुम्ही माझ्याकडं बोट दाखवलं होतं आणि मी तुमच्याकडं. ते जाऊ द्या. बाईंनी वाखाणल्यावर दोघांनीही बोट स्वतःकडं वळवलं, तेच खरं धरायचं.)

तर ती जागा आली. बाई निघाल्या. मी कान टवकारले. आणि रंगनाथराव, ‘वा’ आलाच नाही. हसणंही नाही. नुसती सम आली आणि बाई तिच्यावर नव्हत्या.

आगाशे सरांनी एक डोळा उघडला. “घसरल्या बाई,” म्हणाले, आणि तो डोळा मिटला. शेजारचे अमेरिकावाले म्हणाले, “चालायचंच, गावाकडची मैफल.” मला कुणीतरी भर मांडवात माझा फेटा उडवल्यासारखं झालं. मी नियम मोडला. उभा राहून सांगितलं, की अहो, घसरल्या नाहीत, तिथं दाद आली होती, बाईंनी थट्टा केली. सर शांतपणे म्हणाले, “हिंमतराव, दाद कुठंय? आम्हाला नाही ऐकू आली. आणि कॅसेटवाल्यानं बोलायचं नाही.” मग मी चहा प्यायलो. बिनसाखरेचा होता की काय, कळलं नाही.

घरी येऊन साईनाथला विचारलं. तो अगदी आनंदानं म्हणाला, “हां आप्पा, मध्ये एक माणूस ओरडत होता, इतका डिस्टर्ब करत होता, तो पण काढला. त्याच्याबरोबर थोडं हसणं गेलं, पण कळत नाही ना?” त्या ओरडणाऱ्या माणसानंच तुला इंजिनियर केलं, असं तोंडावर आलं होतं, पण पोराचा चेहरा इतका उजळला होता की म्हटलं, फार सुरेख झालंय. मूळ उतरवलेलं ठेवलंय का म्हणून विचारलं, तर ते जागा कमी पडली म्हणून पुसलेलं.

हरकत नाही, कॅसेट आहे, असं म्हणून कपाट उघडलं तर कॅसेट नाही. तुमच्या आक्कानं सांगितलं, सीडी झाली म्हणून ती गेनबाला दिली. गेनबा म्हणजे आमचा उरलेला तुकडा वाट्यानं करतो तो. तिथं यंदा ज्वारी आहे, कणसं भरलीयत, पाखरं फार. आणि पाखरांना भिववायला कॅसेटमधली फीत वावरावर ताणून बांधतात हे तुम्हा शेतकऱ्याला मी काय सांगू? तसाच वावरात गेलो. चारी बाजूंना उंच इमारती, मध्ये आपली ज्वारी, आणि तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत इंदुबाई. वारा आला की घूं घूं करतात. सूर चांगला लागलेला होता. गेनबाला विचारलं, तर म्हणाला, “मालक, आधीची सिनेमाची कॅसेट लई ब्येस व्हती, पाखरू फिरकत न्हवतं. ही बांधल्यापास्नं उलट येत्यात आन् बसून ऱ्हात्यात.” मला काही नवल वाटलं नाही. मी एक टोक सोडून पेन्सिलीवर फीत गुंडाळायला घेतली. बाल्कन्यांतून लोक बघत होते. बरीच गुंडाळली, पण ती दवानं चुरगळलेली, ठिकठिकाणी तुटलेली. तोडी म्हणून आता ती फक्त चिमण्यांनाच कळते.

एवढंच. बाकी क्षेम. गुडघ्याला जपा, घरच्यांना आशीर्वाद, आणि तुमच्याकडून आलेला गूळ संपलेला आहे हे मी लिहीत नाही, आक्का सांगते आहे.

तुमचा,
हिंमतराव

ता. क. – तुमची कॅसेट घेऊन येत्या रविवारी सकाळी धायरीला या. पोस्टानं नको, कुणाच्या हाती नको, स्वतः या, आणि वाटेत कुणालाही ती साफ करू देऊ नका. आगाशे सरांना विचारलंय, पुन्हा ऐकायला तयार आहेत. आपण आणली नाही, तर पुण्यात इंदुबाईंचं नाव ‘सम चुकलेल्या बाई’ एवढंच राहील.

दुसरा ता. क. – कॅसेट तुमची, म्हणजे नियमानं तुम्हाला बोलता येणार नाही. तुम्ही चहा प्या. बाईंची बाजू मी मांडीन, आणि ओघात तो ‘वा’ कुणाचा तेही सांगून टाकीन.

तिसरा ता. क. – वरचं तुमच्या आक्कानं वाचलं. कागद माझ्यापुढं आपटून म्हणाली, भावाला बोलावून गप्प बसवता होय? तेव्हा असं करू. कॅसेट माझी म्हणून लावतो, मी चहा पितो, तुम्ही बोला. ‘वा’ तुमचा होता असंही खुशाल सांगा, मी तोंड उघडणार नाही. बाईंची सम जागेवर आली म्हणजे झालं. फक्त येताना तो फेटा बांधून या. मीही बांधून बसणार आहे.