भांड्यांच्या मशीनला पाणी का कमी पडत होतं

अहो,

तुमचं भांडी धुण्याचं मशीन बिघडलेलं नाही. तुम्ही फॅक्टरीत गेल्यावर मी नळीच्या तोंडाची जाळी काढून पाहिली, ती स्वच्छ होती. पाण्याची पातळी मोजणारा आतला फ्लोटही मोकळा होता. तरी पाणी तळाशीच राहत होतं. मग वाकून मागे पाहिलं, तर भिंतीतली तोटीच जेमतेम उघडी होती.

मी ती उघडत होते, तेवढ्यात आई मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मीच ती कमी करून ठेवत होते, शालन. मशीन अर्धवट धुतं, मग उरलेलं मला घासायला मिळतं. तुझे सासरे गेल्यापासून दुसरं काय काम आहे माझ्या हाताला?"

मी म्हटलं, "राहू द्या तशीच. मी यांना सांगत नाही."

ते त्यांना जास्तच लागलं. "माझ्यापायी तू नवऱ्याशी खोटं बोलणार?" म्हणाल्या, आणि ट्रंक भरायला बसल्या. तुमची वाट पाहू म्हटलं, तर "उपेंद्रला तोंड कसं दाखवू?" म्हणून रडायला लागल्या. एकटीला कसं धाडू? आपल्या मिरजेच्या घरापर्यंत सोबत जाते.

तुम्ही त्यांच्या हातांच्या भेगा पाहूनच जर्मनीहून हे मशीन आणलंत, असं मी समजावलं. त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे गं. म्हणून तर बोलता येत नव्हतं."

सार झाकून ठेवलंय. किल्ली शेजारच्या गौरम्मा अक्कांकडे आहे. शनिवारी मिरजेला या. आल्यावर मशीनचा विषय काढू नका. नुसते जेवायला बसा, आणि आईंकडे पुन्हा भात मागा.

शालन