डांबरी रस्त्यावरची नाचणी

राजूर, मंगळवार

आप्पा,

तुम्हाला आणि आईला यशूचा जय भीम. फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय.

मी बरी आहे. भंडारदऱ्याच्या बाजूला सायकलवाल्यांसाठी रस्ते ठरवायचं काम चाललंय. जंगल दाट, चढ लई, पण दम टिकतो. आईला सांगा, जेवण वेळेवर होतं.

रविवारी जरा गडबड झाली. उन्हाळ्यात मी हा रस्ता बघून ठेवला तेव्हा मोकळा होता. आता सुगी असेल, हे शेतकऱ्याची पोर असून माझ्या ध्यानात आलं नाही. उतारावरच्या वळणाला मुक्ताबाई नावाच्या म्हातारीनं नाचणीची कणसं पसरली होती, गाड्यांखाली मळून निघावीत म्हणून. माझ्या पुढं सायकलवर माझ्यासंगं काम करणारी निकिता होती, ती घसरली. तिचं खुब्याचं हाड मोडलंय. मागोमाग मीही पडले, पण मला नुसतं खरचटलं.

निकिताच्या घरचे म्हातारीवर तक्रार करतायत. उद्या मला जबाब द्यायला बोलावलंय. काल मी मुक्ताबाईकडं गेले, तर ती रस्त्यावरची नाचणी सुपात भरत होती. "पोरगी चालंल ना गं?" एवढंच तिनं विचारलं.

आपला हुलगा निघाला का? दरसाल तुम्ही तो घरापुढच्या डांबरीवरच टाकता. उद्या जबाब देताना मला मुक्ताबाई दिसणार नाही, तुम्हीच दिसाल.

पत्र मिळेल तेव्हा हुलगा रस्त्यावर असला, तर आधी तो उचला. आईला पत्र मग वाचून दाखवा.

तुमची,
यशोधरा