वाढत्या अंगाचा रबरी पोशाख

मार्सेय बंदर, ऑक्टोबर १९५७

ती. आईस गुणाजीचा नमस्कार.

आमची बोट इथे दुरुस्तीला लागलीय, म्हणून रिकाम्या वेळात दम रोखून बुडी मारायला शिकतोय. काळजी नको, शिकवणारा म्हातारा कोळी सोबत असतो.

त्यासाठी रबरी पोशाख आणि पायांत घालायचे पंख घेतले. वाढत्या अंगाचं घ्यावं, या तुझ्या शिकवणीने दोन्ही एक माप मोठे घेतले. पोशाखात गार पाणी शिरलं, एक पंख निसटून तळाला गेला. म्हातारा हसला. म्हणाला, "हे कातडीसारखं बसायला हवं." आता घट्ट घेतलेत.

आपला धाकटा रामू संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांत फार पुढे जात नाही ना? काळाचौकीच्या बातम्या इथे उशिरा पोचतात.

माझं अंग आता वाढत नाही, आई. तरी सदरा सैलच शिव. आलो की बाह्या तूच दुमडून दे.

तुझा गुणाजी