संपात गेलेला पाय

१३ मार्च, सोमवार

बुधवारची तारीख गेली! ह्यांच्या पायाची. सडलेलं मांस काढून पाय साफ करायचा ठरलं होतं, सरकारी दवाखान्यात. आता म्हणे उद्यापासून संप. मिटला की या. कधी मिटणार? ते त्यांनाच माहीत नाही. खिडकीतला माणूस मान वर न करता बोलला. मी म्हटलं, "भाऊ, पायाला कुठं कळतंय संप हाय म्हणून!" तर हसला. हसायला काय झालं?

पायाचं कारण तरी काय — बाभळीचा काटा. आमच्यात झेंडूच्या वाफ्यात चप्पल घालून जात नाहीत. फुलं देवाला जातात. सासरे गेले नाहीत, हेही जात नाहीत. साखर निघाली तेव्हा डॉक्टर ओरडले होते, चप्पल सोडायची नाही. ह्यांनी मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी चप्पल बांधावर काढून आत! काटा शिरला तो कळलाच नाही. साखरेनं पाय बहिरा झालेला. मी बघितलं तेव्हा तळव्याला भोक.

संध्याकाळी मनीषा आली. माझी नणंद. त्याच दवाखान्यात सिस्टर आहे, दुसऱ्या वॉर्डात. ड्युटी सुटली की रोज येते, भावाची पट्टी करते. मी म्हटलं, "तू तरी जाशील ना उद्या कामाला?"

"नाही वहिनी. मीपण संपात आहे."

"भावाचा पाय असा, नि तू संपात?"

"दादाची पट्टी थोडीच बंद करणार आहे मी." मग लागली सांगायला. दोन हजार पाचनंतर जे लागले त्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांच्या वॉर्डातले एक मामा रिटायर झाले, त्यांना जे येतं त्यात गॅसची टाकी येते, शिजवायला काही येत नाही. "मला ना नवरा राहिला, ना पोरगं. म्हातारपणी कुणाच्या दारात बसू? तुझ्या?"

"बस की! पण आम्ही कुणाच्या दारात बसायचं ते सांग. झेंडूला कुठं पेन्शन असती?"

हे ओरडले, "गप बसा दोघी. पाय माझा हाय."

१४ मार्च, मंगळवार

गणेशवाडीच्या फूलबाजारातून रिकामी क्रेटं घेऊन येत होते. सीबीएस स्टँडजवळ रिक्षा अडकली. मोर्चा! टोप्याच टोप्या. मास्तर, तलाठी, सिस्टरा. "एकच मिशन — जुनी पेन्शन!" रिक्षावाला म्हणाला, "पगार खाऊन दमले, आता बसून खायचंय." मी अर्धा तास उन्हात. डोक्यात ह्यांचा पाय.

तेवढ्यात एक दाढीवाला आला. मोबाइल दांड्याला लावलेला, दुसऱ्या हातात माईक. "मावशी, जनतेला काय वाटतं संपाबद्दल?"

जनतेचं मला काय माहीत, मला वाटलं ते सांगितलं. माजलेत म्हटलं. सगळ्यांना घरी बसवा, दारात लाइन लावून पोरं उभी आहेत नोकरीला. आम्ही पहाटेपासून फुलं तोडतो, आम्हाला कोण देतं पेन्शन? आणि त्याच दमात हेही बोलले — "सिस्टर लोकांना काय, पेशंट सडला तरी चालतो. माझ्या घरातच हाय एक. सख्ख्या भावाचा पाय सडतोय नि ही मोर्च्यात नाचतीय!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, लय बरं वाटलं.

संध्याकाळी मनीषा आली, पट्टी करून गेली. पदराला संपाचा बिल्ला तसाच.

१५ मार्च

व्हिडिओ सगळीकडं गेला! साईचा ओझरवरून फोन — "आई, आमच्या कंपनीत सगळ्यांच्या मोबाइलवर तूच!" तिथं ठेक्यावर आहे पोरगा. त्याला कुठली पेन्शन? त्याच्यासाठी कोण मोर्चा काढतंय?

इंदिरानगरला दुकान मांडलं तर जो तो ओळखतोय. शेजारी केळीवाली रंगूबाई म्हणाली, "लंकाबाई, आता आमदारकीला उभी राहा. पेन्शन तरी मिळंल!" रोज हार नेणारे ते रिटायर साहेब आले. माझा हात हातात घेतला. "शाब्बास! तिजोरीवर बोजा आहे हा. कुणीतरी बोलायला हवंच होतं." ते वळले तशी रंगूबाई म्हणते, "ह्याला स्वतःला जुनीच पेन्शन हाय की. एक तारखेला बायकोला गजरा नेतो तो कशातनं?"

हसलो दोघी. पोट दुखेपर्यंत.

संध्याकाळी मनीषानं आधी पट्टी केली. सगळी. भोक धुतलं, जाळीची पट्टी आत भरली, वरून बांधलं. मग हात धुवून मोबाइल माझ्यापुढं धरला.

"मी नाचत होते, वहिनी?"

"खोटं काय बोलले? गेली होतीस ना?"

"युनियनच्या ग्रुपवर आलाय. सगळ्या माझ्याकडं बघतात. सकाळी बसमध्ये एक माणूस म्हणाला, हीच का ती भावाचा पाय सडवणारी."

मी म्हटलं, मग सोड संप. जा कामाला.

ती चप्पल घालत बोलली, "जखम वरून मिटू देऊ नकोस. आतून भरून यायला पाहिजे. रोज उघडून पट्टी आत भरायची. जवळच्या डॉक्टरकडं ने. मी नाही येणार आता."

हे आतून हाका मारत होते, मने, ए मने! थांबली नाही. बापासारखी हट्टी. जाऊ दे!

१६ मार्च

जवळच्या डॉक्टरनं एका पट्टीचं जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीवरून उठूनच आले. रोज त्याला कोण देणार? साई म्हणतो आत्याला फोन लाव. मी लावणार नाही. तिनं लावावा. मी लग्न होऊन आले तेव्हा तिला शेंबूड पुसता येत नव्हता.

बांधावरून दगडीपाला आणला. विळा लागला, खुरपं लागलं, आम्ही दुसरं काय लावतो? चोळून रस पिळायचा, रक्त जागच्या जागी बंद. माझी सासू हेच करायची, तिची सासूही. ह्यांच्या भोकात रस पिळला, चोथा दाबून भरला, वर फडकं बांधलं.

पाला चोळताना हे म्हणाले होते, "मनीला विचारायचं का आधी?"

"ती मोर्च्यात हाय. बोलवू का माईकवरून?"

मग पाय पुढं केला.

१७ मार्च

सुकतीय.

१८ मार्च, शनिवार

खपली धरली! भोक दिसतच नाही. कशाला पाहिजे तुमची सिस्टर नि कशाला तारीख! रंगूबाईला बोलले, "ये, बघून जा. आमचा संप मिटला."

बुधवारी पाडवा. झेंडू असा फुललाय की वाफा दिसत नाही. हे खाटेवर बसून माळा ओवतात. मनीषाचं नाव काढलं एकदा. मी ऐकलंच नाही असं केलं.

१९ मार्च

घरात वास मारतोय. फुलांची बादली असणार — झेंडूचे देठ पाण्यात राहिले की असेच सडतात. ओतली, घासली, परत भरली. वास तसाच. दुसरीही ओतली.

ह्यांना थंडी वाजतीय. दोन गोधड्या घातल्या. माळ हातातून खाली पडली तर म्हणाले, पडू दे.

रंगूबाई पाय बघायला आली. दारातच थांबली. नाकाला पदर लावला. "लंके, हा फुलांचा वास नाय."

मी तिला घालवून दिलं.

२० मार्च, सोमवार

हे सकाळी उठेनात. हाक मारली तर माझ्या सासूचं नाव घेऊन ओ देतात. पाय घोट्याच्या वर काळानिळा.

साईनं मला न विचारता आत्याला फोन लावला. मोर्च्यातूनच आली. फडकं काढलं, खपली बोटानं दाबली. काय बाहेर आलं ते लिहवत नाही. हिरवा चोथा होता त्यात. तिनं माझ्याकडं बघितलं. एवढंच. बिल्ला काढून पर्समध्ये टाकला. "रिक्षा बोलव, साई."

दवाखान्याच्या गेटवर तिच्याच बाया बसलेल्या. एक ओरडली, "मनीषा! आत कुठं चाललीस? फितूर!" ही ह्यांच्या बगलेत हात घालून सरळ आत. ह्यांचा तोल जायला लागला, साई एकटा पडला. मी तशीच उभी. मग तीच ओरडलेली बाई उठली, पळत गेली नि स्ट्रेचर घेऊन आली.

डॉक्टर पोरसवदा. डोळे तांबडे, झोपलेला दिसत नव्हता. "जखम बंद कशी केली? काय लावलं होतं?"

मनीषा म्हणाली, "दगडीपाला."

"तारीख पुढं गेली म्हणून इतकं झालं नसतं," डॉक्टर म्हणाले. "उघडी ठेवून रोज पट्टी केली असती तर एखाद्या बोटावर भागलं असतं. वरून बुजवलीत. पू आत चढत गेला." मग हळू बोलले, "आता पाय काढावा लागेल. नाहीतर माणूस जाईल."

हे ग्लानीत होते. ह्यांनी ऐकलं नाही. मी, मनीषा नि डॉक्टर, तिघंच होतो.

संध्याकाळी बाहेर गलका. संप मिटला. समिती का काय नेमणार म्हणे. गेटवरच्या बाया चटया गुंडाळून आत आल्या.

२२ मार्च, पाडवा

काल पाय काढला. गुडघ्याखालून.

गुढी नाही. झेंडू निम्मा वाफ्यातच राहिला. साईनं जमला तेवढा तोडला. चप्पल घालून गेला होता.

ह्यांच्या बेडला आज तीच स्ट्रेचरवाली सिस्टर. माझा व्हिडिओ ह्या वॉर्डात सगळ्यांनी बघितलाय, नजरेवरून कळतं. ती जवळ आली. मला वाटलं आता काढते उणंदुणं. म्हणाली, "मावशी, सकाळपासून काही खाल्लंत का?" शिवी दिली असती तर बरं झालं असतं!

भेटायला येईल तो एकच बोलतो — संपानं पाय घेतला. रिटायर साहेबही येऊन गेले, सफरचंदं घेऊन. "ह्या संपवाल्यांना माफ करू नका," म्हणाले. मी तोंडाला पदर लावून बसले. लोकांना वाटलं रडते.

२४ मार्च

दाढीवाला आला. दवाखान्याच्या बाहेर झाडाखाली मला गाठलं. "मावशी, तुम्ही तेव्हाच बोलला होतात, पाय सडतोय म्हणून. खरं झालं ना! लोक विचारतात तुमच्याबद्दल." माईक पुढं केला. "एकच सांगा. संपामुळंच गेला ना पाय?"

माणसं जमली. कुणी मोबाइल वर धरला. साई होता. रंगूबाई होती. मागं पायरीवर मनीषा, पांढऱ्या कपड्यांत, ड्युटीवर.

काय सांगायचं होतं? बुजवला मीच? पाल्यानं? एवढ्या लोकांत?

"हो," म्हणाले. "संपानंच गेला."

बायका च्‌ च्‌ करायला लागल्या. एकीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

मनीषानं मला जिन्यात गाठलं. मारते की काय वाटलं. मारायला पाहिजे होतं. दम खाऊन म्हणाली, "दादाला पाल्याचं सांगितलंस?"

"नाय."

"सांगू नकोस. संपावर राग धरू दे त्याला. तुझ्या हातचं खायचंय त्याला जन्मभर."

आणि गेली वर. कुणीतरी सिस्टर, सिस्टर करून बोलावत होतं.

२ एप्रिल, रविवार

ह्यांना घरी आणलं. मोबाइलवर माझाच झाडाखालचा व्हिडिओ लावतात, संपला की परत लावतात.

संध्याकाळी मनीषा पट्टीचं सामान घेऊन आली. दारात उभी राहिली. हे भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "तिला सांग, तुझा हात नको."

मी जाऊन सांगितलं.